उलाळलेली पिकअप

या मायबापहो, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनीही जरा जवळ यावं, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. यात राजा नाही, साधू नाही. एका मिस्त्रीच्या पोटात आग पेटली होती, तिची ही गोष्ट. तशी आग तुमच्याआमच्या पोटातही कधी ना कधी पेटलेली असते, म्हणून हळू सांगायची. हसू आलं तर खुशाल हसा. पण मधेच उठू नका, कारण शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

तर नसरापुरात हनुमंत मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान. बावीस वर्षांचं. शाळेचं फाटक त्यानं केलेलं, देवळाचा कठडा त्याचा, आसपासच्या निम्म्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या त्याच्या हातच्या. त्याचे वडील रखमाजी बैलगाड्या करायचे. लाकडातला हात मुलानं लोखंडात आणला आणि नावही मिळवलं. "हनुमंताचा टाका म्हंजे टाका," असं लोक त्याच्या वेल्डिंगच्या जोडाबद्दल म्हणायचे.

म्हणायचे. आता पप्पूचं नाव घेत.

हा पप्पू कामथडीचा. सतराव्या वर्षी हनुमंताकडे कामाला लागला, सात वर्षं त्याच्याच घरी जेवला, त्याच्याच हाताखाली वेल्डिंगचा होल्डर धरायला शिकला. तीन वर्षांपूर्वी त्यानं कामथडीत हायवेच्या कडेला स्वतःची शेड टाकली. रीतसर नारळ घेऊन पाया पडायलाही आला होता. हनुमंतानं तोंडभरून आशीर्वाद दिला. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरगं खिडक्यांचे गज करील आणि दोन घास खाईल.

पप्पूनं केले उलटणारे हौदे.

साध्या पिकअपचा हौदा चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, घट्ट बसवलेला असतो. शेणखत, मुरूम, गाळ, काहीही आणा, उतरवायला चार माणसं घमेली घेऊन तासभर घाम गाळणार. पप्पूनं हौदा चासीपासून सोडवला, मागे दणकट बिजागरं बसवली, खाली तेलाचा जॅक दिला. गाडीत बसून बटण दाबलं की हौदा पुढून उचलतो, मागचा फाळका उघडतो आणि माल आपसूक खाली. वेल्ह्यापासून भोरपर्यंतचे पिकअपवाले कामथडीला रांग लावू लागले. आणि त्या गाड्या तिथून निघाल्या की फाळक्यावर लाल अक्षरांत पप्पूचं नाव मिरवत हनुमंताच्या दुकानासमोरून जाऊ लागल्या.

एकेक गाडी गेली की हनुमंताच्या छातीत ठिणगी पडायची. हॉटेलात चहाला जाणं त्यानं सोडलं, कारण तिथे पप्पूचा विषय निघायचा. घरी बायको, मंगल, तिनं चकल्या केल्या की म्हणायची, "वाइच पप्पूला पाठवते हां. त्याला लई आवडत्यात."

"त्याला आता हाटेलातलं पचतंय. शेठ झालाय त्यो."

"आवं, लेकरावानी वाढवलाय त्याला. त्याचं चांगलं झालं तर तुमचं पोट का दुखावं?"

"माझं न्हाई दुखत," हनुमंत म्हणायचा, आणि ताटातली चकली न खाता उठायचा.

चैत्रात गावात कीर्तन होतं. हनुमंत टाळकऱ्यांत पहिल्या ओळीत उभा राहायचा, वीस वर्षं त्याची जागा ठरलेली. त्या दिवशी बुवांनी रंग असा भरला होता की म्हाताऱ्या माणसांच्याही टाचा उचलल्या जात होत्या. मृदंग चढलेला, सगळा मांडव नामात बुडालेला. तेवढ्यात बुवा थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "आजच्या मांडवाचे सगळे खांब कामथडीच्या पप्पूशेठनं घडवून दिलेत. देव त्याला उदंड देवो!" मांडवानं टाळ्या वाजवल्या. पप्पू मागे बायकांच्या बाजूला पाण्याच्या पिंपापाशी उभा होता, त्यानं लाजून मान खाली घातली. पुन्हा गजर सुरू झाला आणि हनुमंताचा टाळ चुकला. एकदा चुकला, दोनदा चुकला. मृदंगवाल्यानं वळून पाहिलं. समोर विटेवर उभ्या मूर्तीकडे पाहत हनुमंत मनात म्हणत होता, देवा, उदंड त्यालाच का? खांब घडवायला माझ्या दुकानात शिकला की त्यो!

असं देवासमोर उभं राहून देवाशीच भांडण.

आणि मग वैशाखात हिर्डोशीचा सोनबा आला. डोंगरकपारीचा शेतकरी, भात नि नाचणीवाला, हनुमंताचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं जुनी पिकअप घेतली होती.

"मिस्त्री, हौदा उलटता करून पायजे. धरणाचं पाणी उतरलंय, गाळ उघडा पडलाय. पाऊस लागायच्या आत खाचरांत टाकायचाय."

हनुमंताचा चेहरा उजळला. "माझ्याकडं आलास, बरं केलंस."

"पप्पूकडं गेलतो," सोनबा भाबडेपणानं म्हणाला. "पन त्याच्याकडं गर्दी लई. म्हन्ला, पंधरा दिस थांबा, न्हाईतर तात्यांकडं जावा. ते माझे उस्ताद हायेत."

उजळलेला चेहरा तिथेच विझला. म्हणजे हे कामही पप्पूनं पाठवलेलं! पण हनुमंत दातओठ खाऊन म्हणाला, "आठ दिसांत देतो. आनि सोनबा, त्याच्यापरीस हातभर उंच उचलणारा देतो. पार उभा ऱ्हाईल हौदा. आख्ख्या हिर्डोशीनं बघितलं पायजे."

त्या घडीपासून त्याला दुसरं काही सुचेना. लोखंड घासताना, जेवताना, हरिपाठ म्हणताना एकच ध्यास. आपला हौदा पाहून लोकांनी म्हणावं, पप्पूपेक्षा हनुमंताचा भारी. एवढं एकदा कानावर आलं की बास, मग काही नको.

अडचण एकच होती. हनुमंतानं उलटता हौदा जन्मात केला नव्हता. विचारायचं तर पप्पूला विचारावं लागणार, आणि त्यापेक्षा त्यानं दुकानाला टाळं लावलं असतं.

एका दुपारी त्याला कळलं की पप्पू सामान आणायला भोरला गेलाय. हनुमंत मोटरसायकलवरून कामथडीला आला. शेड उघडीच होती, आत काम संपत आलेली एक पिकअप उभी. इकडेतिकडे पाहून तो गाडीखाली शिरला. पट्टीचा आवाज नको म्हणून त्यानं सुतळी आणली होती, वडील गाडीचं माप घ्यायचे तशी. निळ्या खडूनं खूण करायची, तिथून सुतळी ताणायची, गाठ मारायची. बिजागराची एक गाठ, जॅकच्या जागेची दुसरी, हौद्याच्या उंचीची तिसरी.

मापं घेता घेता त्याला दोन गोष्टी दिसल्या आणि तो गाडीखाली पडल्या पडल्या गालात हसला. एक म्हणजे बिजागरं हौद्याच्या अगदी टोकाला नव्हती, चांगली हातभर आत, मागच्या चाकांच्या जवळ होती. 'ह्याचा अंदाज चुकला,' हनुमंत मनात म्हणाला. दुसरं म्हणजे चासीला एक जाड साखळी जोडलेली होती आणि तिचं दुसरं टोक हौद्याच्या पुढच्या आडव्या पट्टीत आकड्यानं अडकवलेलं. साखळी अशा बेतानं ठेवलेली की हौदा अर्ध्याच्या जरा वर गेला की ताणून थांबावा. लोक सांगायचे, पप्पू गाडी देताना तो आकडा मालकाला स्वतःच्या हातानं अडकवायला लावतो आणि देवाचं नाव घ्यायला लावतो.

'सोंगं सगळी!' हनुमंत पुटपुटला. 'सोताच्या टाक्यावर भरवसा न्हाई, म्हनून बांधून ठिवलंय बैलावानी.'

साखळीची गाठ त्यानं मारलीच नाही.

काम झपाट्यानं झालं. बिजागरं हनुमंतानं पार टोकाला घेतली, हौदा सरळ उभा व्हावा म्हणून. टाके असे घातले की हात फिरवला तर कुठे खाच लागू नये. मधे दोनदा पप्पूचा फोन आला. दोन्ही वेळा हनुमंतानं तो कापला. "आता इचारतोय, कसं काय चाललंय म्हनून," तो मंगलला म्हणाला. "जळतोय."

मंगलनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती आत गेली.

पहिला गाळ टाकायच्या दिवशी हनुमंत स्वतः हिर्डोशीला गेला. ठेवणीतली टोपी घातली, कपाळाला बुक्का लावला. सोनबानं धरणाकाठून गाळ भरून आणला होता. काळाशार, ओला, लोण्यासारखा चिकट. गाव गोळा झालं होतं. सोनबाची आई साळूबाई, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत बांधावर येऊन बसली होती. गाडी वरच्या खाचरात उभी केली, मागची चाकं बांधाच्या कडेला, शेपूट खालच्या खाचराकडे.

"बटण म्या दाबतो," हनुमंत म्हणाला आणि ड्रायव्हरच्या जागी चढून बसला. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "बगा रं! असा हौदा कामथडीला बी न्हाई मिळायचा!"

बटण दाबलं. हौदा पुढून उचलू लागला. पाव झाला, अर्धा झाला. फाळका उघडला, पण गाळ हलेना. ओला गाळ पत्र्याला चिकटून बसलेला. हौदा आणखी वर गेला, पार उभा झाला. लोकांनी "वा!" केलं. हनुमंताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि मग सगळा गाळ एकदम सुटला. ओघळला नाही, एक अख्खा गोळा होऊन मागे सरकला आणि फाळक्याच्या चौकटीत बुचासारखा अडकला. सगळं ओझं आता चाकांच्या मागे, पार टोकाला टांगलेलं. गाडी एकदा कण्हली. हनुमंताला समोर डोंगर दिसत होता. डोंगर खाली खाली जाऊ लागला आणि काचेत निळं आभाळ आलं.

पिकअप मागच्या चाकांवर उभी राहिली, घोडा खिंकाळताना राहतो तशी. शेपूट खालच्या खाचरात रुतलं, पुढची चाकं पुरुषभर उंच हवेत लटकत होती. आत हनुमंत मिस्त्री स्टिअरिंगला मिठी मारून आभाळाकडे तोंड करून बसलेला.

मग सोनबा ओरडला, "मिस्त्री, हाय का जित्तं?"

"हाय!" वरून आवाज आला. "दार उघडू का?"

"हलू नगा! गाडी आडवी कलंडंल!"

जीव वाचलाय म्हटल्यावर एका बाईला हसू फुटलं. तिचं पाहून दुसरीला. "मिस्त्री, वरून भोर दिसतंय का वो?" कुणीतरी विचारलं. "कामथडी दिसतीया का बगा!" असं दुसरा म्हणाला आणि मग सगळं खाचर हसलं. हनुमंताला वाटलं, यापेक्षा गाडीखाली आलो असतो तर बरं.

पण साळूबाई हसली नाही. काठी आपटत ती पुढे आली.

"आगं बया, उलाळली की गाडी! सोन्या, दोर बांधला न्हवतास व्हय?"

"आये, ही बैलगाडी न्हवं. हिला कसला दोर?"

"गाडी ती गाडी! मागं वजन झालं की पुढनं उलाळनारच. आपल्या घरी नसरापूरच्या रखमाजी सुताराची गाडी व्हती, आठवती का? तिच्या जुवाला खाली खुट्याशी बांधायचा दोर असायचाच. त्यो मानूस गाडी देतानाच सोता दोर बांधायला लावायचा आनि म्हनायचा, मोकळी करताना आदी दोर, मंग देवाचं नाव, मंग ओझं. दोर नसंल तर माझी गाडी माघारी द्या. असा देवमानूस."

खाली कुणीतरी तिला कोपरखळी मारून वर बोट दाखवलं. साळूबाईनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"त्याचा ल्योक हाय व्हय ह्यो?" ती म्हणाली.

हसणं थांबलं. वर, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या हनुमंतानं डोळे मिटले.

त्याला सगळं आठवलं. वडिलांनी केलेली पहिलीच गाडी. मालक खत ओतत असताना ती उलाळली आणि जुंपलेला खोंड जुवासकट वर टांगला गेला. खोंड वाचला, पण मान जन्माची वाकडी झाली. रखमाजी दोन दिवस जेवले नव्हते. त्या दिवसापासून त्यांची एकही गाडी दोराशिवाय गेली नाही. ही गोष्ट हनुमंतानं कुणाला तरी सांगितली होती. एका पावसाळ्यात, दुकानाच्या दारात, भाकरी खाता खाता. ऐकणारा सतरा वर्षांचा होता, आणि त्याचा घास हातातच राहिला होता.

साळूबाईच्या सांगण्यावरून गाडीच्या पुढच्या, ओढायच्या आकड्याला दोर बांधला. दहा माणसांनी तो ताणून धरला, बाकीच्यांनी फावड्यांनी मागचा गाळ काढला. ओझं हलकं होत गेलं तशी गाडी हळूहळू खाली आली. पुढची चाकं जमिनीला लागली तेव्हा हनुमंत उतरला, आधी साळूबाईच्या पाया पडला, मग सोनबाला म्हणाला, "चल. कामथडीला जायचंय."

"आपल्या दुकानात न्हाई?"

"न्हाई. पप्पूकडं."

गाळानं माखलेली गाडी घेऊन दोघं भोरवरून, नसरापूरवरून आले. हनुमंताच्या स्वतःच्या दुकानासमोरून गाडी गेली. हॉटेलातले लोक बाहेर येऊन पाहू लागले. हनुमंतानं मान खाली घातली नाही. घालावीशी मात्र फार वाटली.

पप्पूच्या शेडपाशी पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती. गाडी पाहताच पप्पू धावत आला. आधी त्यानं हनुमंताच्या हातापायांवरून हात फिरवला. "लागलं न्हाई ना कुठं, तात्या?"

"पप्प्या," हनुमंत सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या साखळीचं तुला कुणी शिकवलं?"

पप्पू गोंधळला. "तुमीच की. रखमाजी आबांच्या गाडीची, त्या खोंडाची गोष्ट सांगितली व्हती ती. पयला हौदा केला तवाच ठरवलं, दोर न्हाई तर साखळी, पन माझ्या शेडातनं मोकळी गाडी जानार न्हाई. मालकाच्या हातनं अडकवायची, देवाचं नाव घ्यायचं, आबा करायचे तसंच."

"आनि बिजागरं आत का घेतली?"

"आमच्याकडं चढउतार लई. शेपूट लांब ऱ्हायलं तर उलाळनार, हे बी तुमीच म्हनायचा. ट्रॉलीच्या वक्ताला."

पप्पू खाली पाहत, आवाज उतरवून म्हणाला, "तात्या, त्या दिवशी गाडीखाली निळ्या खडूच्या खुणा दिसल्या. कावळ्याच्या पायावानी. अशी खूण तुमच्याबिगर कोन करत न्हाई. तीन ठिकानी व्हत्या, साखळीपाशी न्हवती. म्हनून दोनदा फोन लावला."

हे ऐकून हनुमंत वडिलांच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा चारचौघांत रडला. मोठ्यानं नाही, टोपीनं तोंड पुसत. गिऱ्हाइकांनी दुसरीकडे पाहिलं.

पप्पूनं होल्डर उचलून त्याच्यापुढे धरला. "घ्या, तुमी टाका मारा. तुमच्या हातचा टाका माझ्यापरीस चांगला हाय."

हे त्याला खरंच वाटत होतं, आणि तेच हनुमंताला सहन होईना.

"न्हाई," तो म्हणाला. "टाका तू मार. म्या साखळी धरतो."

वेल्डिंगच्या कामात वस्तू धरून ठेवायचं काम शिकाऊ माणसाचं असतं. बावीस वर्षं दुकान चालवलेला मिस्त्री गुडघे टेकून गाडीखाली बसला आणि दोन्ही हातांनी साखळी धरली. पप्पूनं काच डोळ्यांवर ओढली. ठिणग्या उडाल्या, त्यातल्या दोनचार हनुमंताच्या मनगटावर पडल्या. त्यानं हात हलवला नाही. मग बिजागरं आत घेतली. शेवटी सोनबाला बोलावून आकडा त्याच्या हातानं अडकवायला लावला, आणि तिघांनी नाम घेतलं. हनुमंताचा आवाज सगळ्यात खणखणीत निघाला. टाळ असता तर त्या दिवशी चुकला नसता.

आता कुणी म्हणेल, झालं, मत्सर संपला. मायबापहो, इतका सोपा नसतो तो. अजूनही लाल अक्षरांची गाडी नसरापुरातून गेली की हनुमंत मिस्त्रीच्या पोटात बारीकसं टोचतं. पण आता तो अक्षरं वाचण्याआधी वाकून गाडीखाली बघतो, साखळी आहे का. साखळी दिसली की चहा प्यायला हॉटेलात जातो. मंगलनं चकल्या केल्या की पप्पूचा डबा तोच पोचवतो, आणि वाटेत दोन खातो.

आता ते मागणं. तुम्ही भोरच्या घाटात, वेल्ह्याच्या चढाला किंवा कुठेही, हौदा उचलून माल ओतणारी गाडी पाहाल. तेव्हा घटकाभर थांबा आणि त्या गाडीखालच्या साखळीकडे बघा. कुणा खोंडाची मान वाकडी झाली म्हणून दोन दिवस जेवला नाही, त्या रखमाजी सुताराची आठवण ठेवा. दुसरं काही नको.